गळाचे आमिष

बल्लारपूरच्या किल्ल्याजवळून वर्धा नदी वाहते. तिच्या काठावर संध्याकाळी कोणी ना कोणी गरी टाकून बसलेला दिसतो. गरी म्हणजे गळ. लोखंडी तारेचा हा लहानसा आकडा असतो. त्याचे टोक अणकुचीदार असते आणि टोकाजवळ एक उलटी धार असते. उर्दूत आपण त्याला काँटा म्हणतो. पण मराठीत 'काटा' म्हटले तर ऐकणाऱ्याला बाभळीचा किंवा माशातला काटा आठवेल. 'चारा' या शब्दाचेही तसेच आहे. उर्दूत जनावरांचे गवतही चारा आणि माशासाठी लावलेले खाद्यही चारा. मराठीत मात्र गळाला लावतात ते आमिष. 'आमिष दाखवणे' आणि 'गळाला लागणे' हे वाक्प्रचार याच कामातून आले आहेत.

आमिष लावणे म्हणजे गळावर काहीतरी टोचणे, असे पुष्कळांना वाटते. ते तितके सोपे नाही. मासा डोळ्यांनी पाहतो, वास घेतो, शिवाय त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक रेषा असते, तिने त्याला पाण्यातली बारीकशी हालचालही कळते. ज्या माशाला धावते भक्ष्य पकडण्याची सवय आहे, त्याच्यापुढे निर्जीव तुकडा लोंबत ठेवला, तर तो बहुधा दुर्लक्ष करतो. मेलेल्या आमिषाला जिवंत असल्यासारखे पोहायला लावणे, हीच यातली खरी करामत आहे.

ही करामत समुद्रावर पाहावी. आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. पण आपल्या वर्धेचे पाणी तिथे जातेच. वर्धा वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. त्या समुद्रात आणि आपल्या कोकणच्या समुद्रातही सुरमई नावाचा मासा असतो. आपल्या शेजारचे तेलुगू लोक त्याला वंजरम म्हणतात. सुरमई अतिशय वेगाने पोहते आणि लहान माशांच्या थव्यावर तुटून पडते. तिला गळाने पकडायचे तर चालत्या होडीमागे दोरी सोडून आमिष ओढत न्यावे लागते. या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. ट्रॉलर ही निराळी गोष्ट. ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळावरून मोठे जाळे ओढणारी बोट. वर्तमानपत्रात हे दोन शब्द इतके सारखे दिसतात की वाचताना गोंधळ होतो.

आमिषासाठी वीतभर लांबीचा ताजा बांगडा, तारली किंवा बोय घेतात. डोळे स्वच्छ आणि कातडी चमकदार हवी. मऊ पडलेला मासा पाण्याच्या माराने फाटतो, म्हणून त्याला काही तास जाड मीठ लावून ठेवतात. मिठाने मांस घट्ट होते. मग मासा दोन्ही हातांत धरून डावीकडे-उजवीकडे हलकेच वाकवतात, म्हणजे ताठ झालेला कणा सैल पडतो आणि शेपटी हलू लागते. पोट दाबून आतली घाण काढून टाकतात.

आता गळ. कल्ल्याचे झाकण उचलून गळाचे टोक आत घालतात आणि पोटाच्या बरोबर मध्यरेषेवर बाहेर काढतात. गळाला जोडलेली तार खालच्या व वरच्या जबड्यातून ओवतात आणि बारीक तांब्याच्या तारेने तोंड घट्ट बांधून टाकतात. तोंड उघडे राहिले, तर त्यात पाणी भरते आणि मासा भोवऱ्यासारखा गरगर फिरतो. गरगर फिरणारा मासा सुरमईने कधी पाहिलेला नसतो! शिवाय त्यामुळे दोरीला पीळ बसतो. पीळ बसू नये म्हणून दोरी आणि तार यांच्यामध्ये एक फिरकीही लावतात.

आमिष लांब सोडण्याआधी ते होडीच्या कडेला ओढून पाहतात. ते सरळ पोहायला हवे. फिरू लागले, तर गळ मध्यरेषेवरून सरकलेला असतो, किंवा पोटावरचे छिद्र लहान पडून मासा आखडलेला असतो. मग छिद्र चाकूने थोडे लांबवतात. होडीचा वेग ताशी 8 ते 12 किलोमीटरच्या आसपास ठेवतात. गळाजवळ तारच का? सुरमईचे दात साधी दोरी सहज कापतात. ती बऱ्याचदा भक्ष्याचा मागचा अर्धा भागच तोडून नेते. म्हणून शेपटीजवळ दुसरा गळ ठेवतात. एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. होडीचे डिझेल आमिष नीट पोहो न पोहो, जळतच असते. चुकीच्या बांधलेल्या एका गाठीमुळे त्या दिवशीचा खर्चही निघत नाही आणि घरी रिकाम्या हाताने जावे लागते.

लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर याच्या अगदी उलट रीत आहे. तिथले मुसलमान मच्छीमार ट्यूना मासा पकडताना जिवंत छोटे मासे समुद्रात फेकतात आणि वरून पाणी शिंपडतात. थवा खळबळला, असे ट्यूनाला वाटते. त्या गर्दीत तो बांबूच्या काठीला बांधलेल्या, आमिष नसलेल्या गळावरही झडप घालतो.

आपल्या नदीत इतका वेग लागत नाही. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून आमिष किती खोल सोडायचे, हे आधी ठरवावे लागते. या माशांना कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून गोळी लावतात. ती पाण्यात विरघळू नये म्हणून तिच्यात कापसाचे चार तंतू मिसळतात. विदर्भात कापसाला काय तोटा! शिंगाळा आणि वाम यांना गांडूळ आवडते.

मरळ मात्र शिकारी मासा आहे. तिच्यासाठी काही जण जिवंत बेडूक किंवा जिवंत मासोळी गळाला टोचतात. मला हे पटत नाही. मुक्या जिवाला विनाकारण यातना देऊ नयेत, हे आपण घरातूनच शिकलेलो असतो. आणि इथे तर कारणही नाही. मेलेल्या मासोळीचे तोंड दोऱ्याने बांधून तलावाच्या काठाने, शेवाळाच्या कडेकडेने ती हळूहळू ओढत चालले, तरी मरळ झडप घालते. समुद्रावरची होडी इथे आपले पाय!

आपल्या जिल्ह्यातले अनेक जुने मालगुजारी तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात आणि धीवर कुटुंबांचे पोट त्यांवर चालते. तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. पावसाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागाजवळ लालसर, इवल्याशा पिलांचा घोळका दिसला, तर खाली मोठी मरळ राखण करीत असते. त्या वेळी ती चिडून कशावरही झडप घालते, म्हणून पकडायला फार सोपी असते. पण ती गळाला लागली, की राखण संपते आणि इतर मासे तो घोळका बघता बघता फस्त करतात.