पावसाळा आणि दिव्याच्या पोटांतील मंडल

राजगडाच्या पायथ्याशीं पाली हें गांव आहे. गडाचा पाली दरवाजा ह्याच गांवाच्या नांवानें ओळखला जातो. ह्या मावळी मुलुखांत आषाढ-श्रावणांत दिवसेंदिवस उघडीप नसते, धुकें दारांतून आंत येतें. अशा ठिकाणीं वाटेवरील सौर दिवा विझला, म्हणजे पायाखालीं दोर आहे कीं जनावर, हें कळावयाचें नाहीं. रज्जुसर्पाचा दृष्टान्त वेदान्तांत शोभतो, पायवाटेवर नव्हे.

दिव्यांतील इलेक्ट्रॉनिक मंडल, म्हणजे ज्यास सर्वजण सर्किट म्हणतात तें, पुष्कळदां ओलाव्यानें बिघडतें. पेटीस रबरी कडें लावून ती घट्ट बंद केली कीं झालें, अशी समजूत आहे. परंतु पेटी श्वास घेते. उन्हानें आंतील हवा फुगून बारीक फटींतून बाहेर पडते. सर येऊन पेटी निवाली कीं बाहेरची दमट हवा, प्रसंगीं पाणीहि, आंत ओढलें जातें. रात्रीं त्याचें दंव मंडलावर जमतें. त्यांत धूळ व डाख देतांना राहिलेला मळ मिसळला, म्हणजे वीज भलत्याच वाटेनें झिरपते आणि तांब्याच्या रेघा झिजतात.

ह्यास उपाय पोकळीच न ठेवण्याचा. पेटींत राळ ओतून ती थिजूं द्यावयाची. ह्यास पॉटिंग म्हणतात. एपॉक्सी राळ कठीण व चिवट खरी, पण थिजतांना तापते आणि आकसून नाजूक सांधे ताणते. पॉलियुरेथेन त्याहून मऊ. सिलिकोन कडक थंडींत व उन्हांतहि रबरासारखें राहतें. त्यांतून बाष्प जातें, तथापि तें मंडलास घट्ट चिकटलेलें असल्यास पाणी सांठण्यास जागाच उरत नाहीं. म्हणून आधीं मंडल स्वच्छ पुसून, वाळवून घेणें अगत्याचें.

येथें एक इशारा आम्हांस द्यावासा वाटतो. न्हाणीघरांतील फरश्यांच्या फटी बुजविण्याचें जें सिलिकोन थिजतांना शिरक्यासारखें आंबट दरवळतें, तें येथें वापरूं नये. बिनकल्हईच्या भांड्यांत ताक कळकतें हें घरोघर ठाऊक आहे. तसेंच आम्ल येथें तांबें खातें. बिनआम्लाचें सिलिकोन निराळें मिळतें, तेंच घ्यावें.

राळेचे दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणांत तोलून, एका कोपऱ्यांतून सावकाश ओतावे, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहींत. बॅटरी मात्र राळेंत पुरूं नये, ती पुढेंमागें बदलावी लागते. तारेस पेटीखालीं झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी तेथूनच गळून पडतें.

राळेंत गाडलेलें मंडल पुन्हा दुरुस्त होणें जवळजवळ अशक्य. सबब ओतण्यापूर्वीं तें चार रात्री पेटवून पाहावें, आणि हें सर्व वैशाखांत, हवा कोरडी असतांना उरकावें.