कोणत्या पिढीचा सैनिक जास्त शूर? खडकवासल्यातून घडलेले तीन परमवीर काय सांगतात

कुठे युद्धाची बातमी आली की सोशल मीडियावर एक वाद हमखास रंगतो. 'खरे सैनिक १९७१ चे. आता काय, खोलीत बसून ड्रोन उडवायचे!' त्यावर कुणी कारगिलचे फोटो टाकतं, तर कुणी थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जातं.

पण अशी तुलना करता येते का? उत्तर शोधायला पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजेच एनडीए, ही चांगली जागा आहे. १९५४ पासून तिन्ही दलांचे कितीतरी अधिकारी इथे घडले. मैदान तेच राहिलं, पण प्रत्येक पिढीच्या वाट्याला आलेलं युद्ध वेगळं होतं.

पुण्यात 'सुदान' कुठून आलं?

एनडीएच्या मुख्य इमारतीचं नाव आहे सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिक पूर्व आफ्रिकेत इटलीच्या फौजांशी लढले. १९४१ च्या केरेनच्या लढाईत मराठा पलटणीही होत्या. या बलिदानाची आठवण म्हणून सुदान सरकारने १ लाख पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला त्यातले ७० हजार आले आणि ते एनडीएच्या उभारणीसाठी वापरले गेले.

ते सैनिक लढले तेव्हा त्यांचा स्वतःचा देश पारतंत्र्यात होता. म्हणजे आधीच्या पिढीशी तुलना करताना पहिली अडचण इथेच येते.

तीन परमवीर, तीन युद्धं

एनडीएच्या तीन माजी कॅडेट्सना परमवीर चक्र मिळालं. तिन्ही मरणोत्तर.

कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया, वय २६: ५ डिसेंबर १९६१. ठिकाण आफ्रिकेतलं काँगो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना त्यांनी अवघ्या १६ जवानांसह सुमारे ९० सशस्त्र बंडखोरांच्या नाकाबंदीवर हल्ला चढवला. संगिनी आणि खुकरी घेऊन झालेली ही समोरासमोरची लढाई होती.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१: १६ डिसेंबर १९७१. बसंतरची रणगाड्यांची लढाई. अधिकारी होऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. त्यांची रेजिमेंट 'पूना हॉर्स', म्हणजे नावातच पुणे. रणगाडा पेटल्यावर बाहेर पडण्याचा आदेश आला. पण तोफ अजून चालू आहे, असं कळवून ते लढत राहिले.

कॅप्टन मनोजकुमार पांडे, वय २४: ३ जुलै १९९९. कारगिल युद्धातलं खालूबार. विरळ हवेत, रात्री, उभी चढण चढून त्यांनी शत्रूचे एकामागून एक बंकर काढले. जखमी होऊनही ते थांबले नाहीत.

मग बदललं काय?

सर्वात आधी शत्रूपासूनचं अंतर बदललं. खुकरीच्या लढाईत शत्रू हातभरावर असतो, रणगाड्याच्या लढाईत शेकडो मीटरवर. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी भारत-पाकिस्तान संघर्षात दोन्ही बाजूंनी मोठ्या प्रमाणावर ड्रोन वापरले गेले, तेव्हा समोरचा माणूस दिसतही नव्हता.

पण अंतर वाढलं म्हणून धोका कमी झाला, असं नाही. युक्रेन युद्धात ड्रोन चालवणारे सैनिक हेच शत्रूच्या ड्रोनचं लक्ष्य बनतात. पूर्वी खंदकात शिरलं की थोडा आडोसा मिळायचा. आता वरून सतत नजर असते.

दुसरा बदल बातमीचा. १९७१ मध्ये घरच्यांची भिस्त रेडिओ आणि पत्रांवर होती. कारगिल देशाने टीव्हीवर पाहिलं. आता मोबाईल आहे आणि खऱ्या बातमीआधी अफवा घरी पोहोचू शकते.

काय बदललं नाही?

वय. वरची तिन्ही वयं पुन्हा वाचा. आजही एनडीएत साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची मुलं येतात आणि तीन वर्षांनी बाहेर पडतात. आघाडीवर सर्वात पुढे असतात ते हेच तरुण अधिकारी आणि त्यांच्या बरोबरीचे जवान.

तुलना करायचीच तर कशाची?

शौर्य मोजायची फूटपट्टी नाही. पण देशाने सैनिकाला काय दिलं, हे मोजता येतं. कारगिलमध्ये सुरुवातीला अनेक जवानांकडे बर्फाळ उंचीवरचे कपडे आणि बूटही पुरेसे नव्हते. घुसखोरीची वेळेत खबर नव्हती. युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने या त्रुटींवर बोट ठेवलं. तिन्ही दलांचा समन्वय साधणारं संरक्षणदलप्रमुख हे पद मात्र प्रत्यक्षात यायला २०२० उजाडलं.

३० मे २०२५ रोजी एनडीएच्या १४८ व्या तुकडीतून पहिल्यांदाच १७ मुली पासआउट झाल्या. 'ऑपरेशन सिंदूर'ला तेव्हा महिनाही झाला नव्हता. ही तुकडी १९७१ च्या तुकडीइतकी शूर आहे का, यावर कमेंटमध्ये वाद घालता येईल. पण त्यांना कारगिलच्या जवानांपेक्षा चांगली खबर आणि चांगली साधनं मिळतील का? हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर सैनिकांनी नाही, देशाने द्यायचं आहे.