फिरत्या मेकॅनिकची पेटी: काही समज आणि वस्तुस्थिती

फिरत्या मेकॅनिकच्या पेटीचे आयुष्य दोन गोष्टींवर ठरते: पाणी आणि वजन. पेण ते रोहा या पट्ट्यात दोन्हींचा मारा जबर असतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या भागात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मेकॅनिकला निकडीची बोलावणी येतात तीही याच दिवसांत. वडखळ नाक्यावर बंद पडलेली स्कूटर, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी सुटल्यावर सुरूच न होणारी मोटारसायकल, भिसेखिंडीच्या चढावर गरम होऊन थांबलेली मिनीडोअर, हमरापूर-जोह्याहून गणपतीच्या मूर्ती घेऊन निघालेला टेम्पो. अशा प्रत्येक ठिकाणी पेटी दुचाकीच्या कॅरिअरवर बांधून न्यावी लागते आणि रस्त्याच्या कडेला ओल्या मातीवरच उघडावी लागते. दुकानात पेटी घेताना बोलणे होते ते पत्रा, कप्पे आणि किंमत यांचे. पाण्याचा आणि वजनाचा विचार पहिल्या पावसानंतर सुरू होतो. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

सर्वांत पक्का समज असा, की लोखंडी पेटीच टिकाऊ आणि बाकी सगळे तात्पुरते. उघडताच दोन्ही बाजूंना कप्पे पसरणारी तीन किंवा पाच कप्प्यांची लोखंडी पेटी गॅरेजच्या छताखाली वर्षानुवर्षे चालते, हे खरे आहे. दुचाकीवर मात्र तिच्या वाट्याला वेगळे आयुष्य येते. लोखंडाच्या पत्र्याला गंजापासून वाचवतो तो रंगाचा थर. कॅरिअरच्या सळ्यांवर पेटीचा तळ घासत राहतो, कप्पे उघडता-मिटताना पट्ट्या एकमेकींवर घासतात, आणि रिव्हेटभोवतीचा रंग टवके उडून जातो. गंज धरतो तो याच तीन जागी. पत्रा जाड असेल तर भोक पडायला वेळ लागतो, एवढाच त्याचा फायदा.

जाडीच्या आकड्याबद्दलही घोटाळा होतो. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेज वाढला म्हणजे पत्रा जाड, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते उलटे आहे. १८ गेजचा लोखंडी पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेजचा ०.९ आणि २२ गेजचा ०.७ मिलिमीटर जाड असतो. दीड फूट लांब, आठ इंच रुंद आणि नऊ इंच उंच पेटीला सगळ्या बाजू धरून अर्ध्या चौरस मीटरच्या जवळपास पत्रा लागतो. २० गेजमध्ये हे नुसते खोके साडेतीन किलोच्या आसपास भरते, १८ गेजमध्ये साडेचार किलोच्या पुढे जाते. आतले कप्पे, पट्ट्या आणि मूठ यांचे वजन वेगळे. एकही पाना न भरता कॅरिअरवर चढणारे हे ओझे आहे. सदैव दुचाकीवरून फिरणाऱ्या मेकॅनिकसाठी जाड पत्र्याची पेटी ही बहुतेक वेळा चुकीची खरेदी ठरते. टेम्पो किंवा मिनीडोअरमधून अवजारे नेणाऱ्याला ती चालेल.

प्लास्टिक म्हणजे तकलादू, हा याच समजाचा जोडीदार. प्लास्टिक एकच नसते. बहुतेक चांगल्या पेट्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. पेटी उलटी केली की तळावर बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा दिसतो; ५ हा आकडा पॉलिप्रॉपिलीनचा आणि २ हा उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचा. हे दोन्ही प्रकार तेल, ग्रीस आणि ब्रेक ऑइल बऱ्यापैकी सोसतात आणि गंजण्याचा प्रश्नच नसतो. त्रिकोणात ७ असेल तर ते इतर कोणतेही प्लास्टिक असू शकते. आरपार दिसणारी कडक झाकणे अनेकदा पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिस्टायरीनची असतात. पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर साफ करण्याचा स्प्रे लागला की त्यांना बारीक तडे जातात आणि एक दिवस कोपरा तुटून हातात येतो. प्लास्टिकचा खरा शत्रू ऊन. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर उन्हात राहिलेली पेटी फिकी पडते, मग ठिसूळ होते. काजळी मिसळलेले काळे प्लास्टिक ऊन जास्त सोसते, मात्र केवळ रंग काळा असणे हा त्याचा पुरावा नव्हे. तुटते ते बहुधा कडीजवळ किंवा झाकणाच्या बिजागरीजवळ. त्यामुळे प्लास्टिकच्या पेटीला लोखंडी कड्या आणि लोखंडी सळईची बिजागरी असेल, तर थोडे जास्त पैसे मोजणे योग्यच.

ब्रेक ऑइलचा उल्लेख आला आहे तर एक गोष्ट इथेच सांगायला हवी. डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल रंग उतरवते. लोखंडी पेटीत आडवी पडून झिरपलेली एक छोटी बाटली तळाचा रंग सोलून काढते आणि पुढच्या पावसात तळ तिथूनच गंजतो. ही बाटली पेटी कोणतीही असली तरी वेगळ्या पिशवीत, उभीच ठेवावी. पेट्रोलची बाटली आणि बॅटरी यांना अवजारांच्या पेटीत जागा नसावी.

पाण्याबद्दलचे समज सर्वांत महागात पडतात. पहिला समज असा, की पेटीत पाणी शिरले नाही म्हणजे अवजारे गंजणार नाहीत. लोखंडाला गंजायला वाहते पाणी लागत नाही. हवेतला ओलावा पुरतो. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की उघड्या लोखंडावर गंज वेगाने धरू लागतो, आणि पावसाळ्यात कोकणात ती दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. दुसरा समज यातूनच निघतो: पेटी जितकी घट्ट बंद, तितकी अवजारे सुरक्षित. भर पावसात काम संपवून ओला रिंग पाना आणि चिखल लागलेली गोटी घट्ट झाकणाच्या पेटीत टाकली, तर तो ओलावा सकाळपर्यंत आतच कोंडून राहतो. पाण्याचे थेंब सुकतात, पण बाहेर जात नाहीत. सकाळी पेटी उघडली की पान्याच्या तोंडावर आणि टी पान्याच्या दांड्यावर तांबूस बुरशीसारखा थर दिसतो. क्रोमचा मुलामा जिथे घासला गेला आहे, तिथे तो आधी येतो. याच दृष्टीने साध्या पेटीच्या तळाला कोपऱ्यात दोन बारीक भोके पाडणे शहाणपणाचे. आत आलेले पाणी निथळून जाते. रात्री घरी आल्यावर झाकण उघडे ठेवणे, अवजारे कोरड्या फडक्याने आणि मग तेलाचा हात लावलेल्या फडक्याने पुसणे, या दोन सवयी कोणत्याही महाग पेटीपेक्षा जास्त काम करतात. तेल मात्र पुसट हवे. चोपडून ठेवलेल्या तेलावर धूळ बसते आणि पाना हातातून निसटतो.

तळाला स्पंज किंवा फोम घालण्याची पद्धत दिसायला चांगली आहे. खडखडाट कमी होतो, अवजारे एकमेकांवर घासत नाहीत. पण फोम पाणी धरून ठेवतो आणि त्यावर टेकलेल्या बाजूने पाना गंजतो. जुन्या गाडीतल्या रबरी मॅटचा तुकडा तेच काम करतो आणि पुसला की कोरडा होतो. औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यातून मिळणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांवरही फार भरवसा ठेवला जातो. रोज दहा वेळा उघडणाऱ्या पेटीत त्या पावसाळ्यात लवकरच भरून जातात आणि तापवून कोरड्या केल्याशिवाय पुन्हा उपयोगाच्या राहत नाहीत.

खाऱ्या हवेबाबत पेण आणि रोहा यांत फरक आहे. पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी, खारेपाट आणि मिठागरे आहेत; मीठ धातूवर बसले की ते कमी आर्द्रतेतही ओलावा ओढून घेते. हवेतले मीठ किनाऱ्यापासून आत जाताना झपाट्याने घटते, म्हणून रोह्यात गंजाची चिंता नाही, असे काही जण मानतात. पण मेकॅनिकच्या हाताच्या घामातही मीठ असते, आणि पाऊस तर रोह्यात कमी नसतोच. खारेपाटात फिरणाऱ्याने आठवड्यातून एकदा पेटीची बाहेरची बाजूही गोड्या पाण्याने पुसून कोरडी करावी, एवढाच जादा व्याप.

जलरोधक पेटीच घ्यावी, या सल्ल्यात अर्धे तथ्य आहे. पेटीवर आयपी ६७ असे लिहिलेले असेल, तर पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा; अशी पेटी १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे राहिली तरी आत अपायकारक प्रमाणात पाणी जात नाही. पाने आणि हातोडी यांना असे संरक्षण देण्यात पैसा वाया जातो. गरज आहे ती मोजक्या वस्तूंना. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाक्यांमध्ये कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इंधन इंजेक्शनने घेतली. त्यामुळे फिरत्या मेकॅनिकजवळ स्कॅनर आणि मल्टिमीटर असणे वाढत चालले आहे. या दोन वस्तूंपुरता रबरी कडा असलेला छोटा घट्ट डबा घ्यावा आणि तो साध्या पेटीच्या आत ठेवावा. खर्च थोडा वाढतो, पण स्कॅनरच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

मोठी पेटी घेतली की पुढची चिंता मिटली, हा वजनाबाबतचा मुख्य गैरसमज. पेटी मोठी असली की ती भरतेच. क्वचित लागणारा पुलर, जास्तीचे नट-बोल्ट, मागच्या गिऱ्हाइकाची जुनी चेन, सगळे तिच्यात साठत जाते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने उचलण्याच्या वजनाची मर्यादा सर्वांत अनुकूल स्थितीत २३ किलो धरली आहे; म्हणजे ओझे अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, दोन्ही हातांनी आणि कंबर न वळवता. पेटी एका हाताने, वाकून, कॅरिअरवरून बाजूला वळून उतरवावी लागते. तिथे तो आकडा लागू पडत नाही. सुरक्षित वजन बरेच खाली येते. शिवाय मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर बांधलेले ओझे पुढचे चाक हलके करते. ओल्या रस्त्यावर, खड्डा चुकवताना, हे हँडलवर लगेच जाणवते. कॅरिअरवर किती भार चालेल हे गाडीच्या पुस्तिकेत अनेकदा दिलेले असते आणि तो आकडा अपेक्षेपेक्षा बराच कमी निघतो.

उपाय दोन भागांत आहे. दुचाकीच्या बहुतेक कामांना ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरचे पाने, प्लग पाना, टी पाने, ॲलन की, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि पंक्चरचे सामान पुरते. एवढे सामान जाड कॅनव्हासच्या गुंडाळीत किंवा पिशवीत मावते. ही पिशवी कायम बरोबर असावी; दिवा-रोहा मेमूने किंवा एसटीने जाणाऱ्यालाही ती मांडीवर घेता येते. जड अवजारांची पेटी घरी किंवा ओळखीच्या दुकानात ठेवून, फोनवर बिघाड कळल्यावर गरज असेल तरच न्यावी. कॅनव्हास तेल आणि पाणी पितो, ही त्याची खोट आहे. म्हणून पिशवी वाळवणे चुकवून चालत नाही.

चाके लावलेल्या पेटीचे इथे फारसे काम नाही. तिची लहान चाके खडी आणि चिखलात रुततात आणि वजन मात्र वाढवतात.

तयार सेटबरोबर आलेला डबा हीच पेटी, असेही समजले जाते. बाजारात ४६ नगांचा गोटी सेट स्वस्त आणि लोकप्रिय आहे. तो उपयोगी आहे, पण त्याचा चौकोनी दांडा पाव इंचाचा आणि गोट्या साधारण ४ ते १४ मिलिमीटरच्या. चाकाच्या ॲक्सलचा नट सोडवायला तो चालत नाही. तिथे मोठा रिंग पाना किंवा अर्ध्या इंचाचा दांडा लागतो. त्याच्या डब्यात प्रत्येक नगाची खाच ठरलेली असते, त्यामुळे एक पानाही जास्तीचा मावत नाही. पान्यांवरच्या आयएसआय चिन्हाबाबतही जपून राहावे: ते त्या पान्याबद्दल सांगते, तो ज्या पेटीत विकला गेला तिच्याबद्दल काहीच नाही.

दुकानात पेटी पारखण्याची रीत सोपी आहे, पण रिकामी पेटी उचलून ती पारखता येत नाही. रोजची अवजारे आधी घरी फडक्यावर मांडून तोलावीत आणि सर्वांत लांब वस्तूची लांबी मोजावी. बहुधा तो टॉमी किंवा मोठा पाना असतो. दुकानात तेवढ्याच वजनाचे सामान पेटीत भरून ती एका हाताने उचलावी. मूठ वाकते का, झाकण एका बाजूला सरकते का, कडी आपोआप सुटते का, हे त्याच क्षणी दिसते. लोखंडी पेटीत कप्पे अर्धे उघडून बोटाने हलवावेत. नव्या पेटीतच रिव्हेट खुळखुळत असेल तर खड्ड्यांच्या रस्त्यावर ती महिनाभरात ढिली होईल. नट-बोल्टने जोडलेल्या पट्ट्या रिव्हेटपेक्षा बऱ्या, कारण त्या पुन्हा आवळता येतात. झाकणाच्या दोन पाखांमध्ये फट असेल तर पाणी तिथूनच येणार, हे गृहीत धरावे आणि वरून रेक्झिनचा तुकडा टाकून ट्यूबच्या पट्टीने बांधावे.

जुन्या बाजारातली लोखंडी पेटीही वाईट नसते, जर तळ शाबूत असेल. तळावर स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. पत्रा दबला किंवा पापुद्रा निघाला तर ती सोडून द्यावी. नुसता वरचा गंज असेल तर पॉलिश पेपरने घासून, प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात देऊन, ढिल्या रिव्हेटच्या जागी नायलॉक नट घालून ती पावसाळ्यापूर्वी वापरात आणता येते.