बालाघाटच्या मुलांचे गुण नेमके काय मोजतात?

1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला आणि बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेथील सरकारी शाळांची भाषा हिंदी असली, तरी गोंदियाला लागून असलेल्या पट्ट्यात घरोघर पोवारी आणि मराठी, तर बैहरच्या डोंगराळ भागात गोंडी बोलली जाते. त्यामुळे परीक्षा नेमके काय मोजते, हा मूल्यमापनशास्त्राचा पहिला प्रश्न येथे वर्गावर्गात उभा राहतो.

जे मोजायचे ठरवले तेच चाचणीने मोजणे, याला सप्रमाणता म्हणतात. भागाकाराचे उदाहरण लांबलचक हिंदी वाक्यांत घातले, तर भागाकार उत्तम येणारी पण घरी गोंडी बोलणारी मुलगी ते चुकवू शकते, आणि तिला मिळालेल्या शून्यावरून तिचे गणित कच्चे ठरवणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे. तपासनीस बदलला किंवा तशीच चाचणी पुन्हा घेतली, तरी गुण जवळपास तेच येणे म्हणजे विश्वसनीयता. ती आवश्यक असली, तरी पुरेशी नाही, कारण त्या मुलीचा पेपर दहा जणांनी तपासला तरी शून्यच येईल.

शिकत असतानाच अडचण हेरून अध्यापन सुधारणारे ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरीस किती साधले हे ठरवणारे ते संकलित मूल्यमापन. शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनावर भर दिला; 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षांना वाट मोकळी केली आणि मध्य प्रदेशाने या दोन्ही इयत्तांना बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा लागू केली. परीक्षेचे वजन असे वाढते, तेव्हा तिच्या सप्रमाणतेची जबाबदारीही त्याच प्रमाणात वाढते.

निकालाचा अर्थ दोन रीतींनी लावता येतो: इतरांच्या तुलनेत मूल कोठे आहे हे पाहून, किंवा ठरलेली क्षमता त्याला आली का हे पाहून. 2005 पासून 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने निघणारा 'असर' अहवाल दुसऱ्या प्रकारचा असून, त्यात गावातील मुलांना घरी भेटून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला दिली जाते. अर्थात असे नमुना सर्वेक्षण जिल्ह्याचे किंवा राज्याचे चित्र देते; एकेका मुलाचे निदान मात्र शिक्षकालाच करावे लागते, आणि बैहरच्या वर्गात त्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे चुकलेले उदाहरण त्याच मुलीला तिच्या बोलीत तोंडी विचारून पाहणे.