विसरलेला पाना

श्रोतेहो, विमानाला अपघात झाला म्हणजे आपण वादळाला, धुक्याला अथवा दैवाला दोष देतो. परंतु पुष्कळदा त्या अपघाताचे मूळ विमान आकाशात चढण्यापूर्वीच जमिनीवर रुजलेले असते. ३० एप्रिल १९२६ रोजी अमेरिकेतील जॅक्सनव्हिल येथे झालेली दुर्घटना याचे बोलके उदाहरण होय.

बेसी कोलमन ही टेक्सासमधील एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबातील मुलगी. वर्णभेदामुळे स्वदेशातील विमानशाळांची दारे तिला बंद होती. तेव्हा ती फ्रेंच भाषा शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ साली वैमानिकाचा आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन परतली. असा परवाना मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. हवाई कसरतींच्या मिळकतीतून आपल्या बांधवांसाठी विमानशाळा काढावी, ही तिची आकांक्षा होती.

नवे विमान परवडत नसल्यामुळे तिने डॅलस येथे ‘कर्टिस जेनी’ जातीचे जुने विमान घेतले. पहिल्या महायुद्धात शिकाऊ वैमानिकांसाठी बांधलेली ही दोन आसनांची, लाकूड व कापड यांची विमाने युद्धानंतर स्वस्तात विकली जात. तिचा मेकॅनिक विल्यम विल्स ते विमान फ्लोरिडाला नेत असता बिघाडामुळे त्याला वाटेत एकाहून अधिक वेळा खाली उतरावे लागले. ही धोक्याची सूचनाच होती. तिच्याकडे दुर्लक्ष झाले.

त्या सकाळी विमान विल्स चालवीत होता. पॅराशूटच्या उडीसाठी मैदान नीट न्याहाळता यावे म्हणून बेसीने पट्टा बांधला नव्हता. अकस्मात विमानाने खाली सूर मारला व ते गिरक्या घेऊ लागले. बेसी बाहेर फेकली गेली. विल्सही विमानाबरोबर कोसळून मरण पावला. पुढे अवशेषांत नियंत्रणयंत्रणेत अडकलेला एक पाना सापडला.

एवढ्याशा पान्याने असा अनर्थ कसा व्हावा? विमानातील दांडा हलविला की त्याला जोडलेल्या तारा शेपटीच्या व पंखांच्या हलत्या फळ्या ओढतात, आणि त्यामुळे विमान वर, खाली किंवा बाजूला वळते. इंजिन बंद पडले, तरी कुशल वैमानिक विमान तरंगवीत खाली आणू शकतो. पण ही यंत्रणाच अडकली, तर त्याचे सारे कौशल्य व्यर्थ ठरते.

त्यानंतर वीसच दिवसांनी, २० मे १९२६ रोजी, अमेरिकेत हवाई वाहतुकीचा कायदा मंजूर झाला आणि वैमानिकांना परवाने देण्याची व विमानांची योग्यता तपासण्याची जबाबदारी सरकारकडे आली. आज चांगल्या विमानशाळांत व कर्मशाळांत प्रत्येक हत्याराची आकृती फळीवर रेखाटलेली असते. काम संपल्यावर एखादी आकृती रिकामी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडले जात नाही.

श्रोतेहो, हत्यारे मोजून ठेवण्यास काही क्षण पुरतात. ते क्षण वाचविण्याची किंमत मात्र दोन जीवांनी मोजली, आणि बेसीची विमानशाळा तिच्या हयातीत निघालीच नाही.