प्रमाणकांचे अनुसरण आणि त्याची नोंद

माढा, माण, मावळ, माहूर आणि माळशिरस ही महाराष्ट्रातील पाच तालुक्यांची नावे मराठी कोशाच्या क्रमाने दिली आहेत. यांपैकी माढा व माळशिरस हे तालुके सोलापूर जिल्ह्यातील होत. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा वर्ण ‘ह’ नंतर येतो. म्हणून माळशिरसचे स्थान शेवटचे. परंतु हीच यादी संगणकाच्या लिनक्स कार्यप्रणालीत ‘सॉर्ट’ या आज्ञेच्या स्वाधीन केली, तर माळशिरस मावळच्याही आधी, तिसऱ्या स्थानी येऊन बसण्याचा संभव असतो. अशा वेळी प्रणालीने प्रमाणकाचा भंग केला असे म्हणावयाचे काय?

या आज्ञेचे वर्तन ‘पॉझिक्स’ या प्रमाणकाने निश्चित केले आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८८ साली निघाली. एका कार्यप्रणालीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसरीवरही चालावी, हा तिचा हेतू होता. क्रमवारी कशी लावावी, हे मात्र पॉझिक्सने ‘लोकेल’वर, म्हणजे भाषा व प्रदेश यांना अनुसरून निवडलेल्या संकेतसमूहावर, सोपविले आहे. ‘सी’ नावाचे मूळ लोकेल निवडले असता तुलना व्यवहारात केवळ संकेतांकांची होते. युनिकोडमध्ये ‘ळ’ चा संकेतांक ‘ल’ च्या पाठोपाठ आणि ‘व’ च्या आधी येतो. त्यामुळे माळशिरस वर सरकतो. लोकेलमध्ये मराठी वर्णक्रम नमूद असेल, तर तो पुन्हा आपल्या जागी जातो. दोन्ही उत्तरे भिन्न असली, तरी दोन्ही प्रमाणकास धरूनच आहेत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘ही प्रणाली प्रमाणकानुसार आहे’ एवढे विधान अभ्यासकाच्या फारसे उपयोगी पडत नाही. बहुतेक लिनक्स वितरणांनी पॉझिक्सचे औपचारिक प्रमाणपत्र घेतलेले नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत लेखी नोंदीचे महत्त्व अधिकच वाढते. लिनक्स व फ्रीबीएसडी यांच्या आज्ञापुस्तिकांत प्रमाणकांविषयी स्वतंत्र विभाग ठेवण्याची प्रथा आहे, ती याच कारणाने. काही ठिकाणी प्रमाणकापासून जाणूनबुजून फारकतही घेतलेली असते. साठवणीची जागा मोजणारी ‘डीयू’ ही आज्ञा पॉझिक्सप्रमाणे ५१२ बाइटांचे एकक वापरते. ग्नूच्या आवृत्तीत ते एरवी १०२४ बाइटांचे असते. प्रमाणकाचे काटेकोर पालन हवे असल्यास तशी सूचना वेगळी द्यावी लागते. ही बाब नोंदलेली नसेल, तर एकच आकडा वाचणाऱ्या दोघांच्या मापात दुपटीचे अंतर पडेल.

क्रमभेदाचे परिणाम याहून सूक्ष्म असतात. दोन याद्यांतील समान नोंदी जुळविणारी ‘जॉइन’ ही आज्ञा दोन्ही याद्या एकाच क्रमात आहेत असे गृहीत धरते. पहिली यादी संकेतांकांच्या आणि दुसरी मराठी कोशाच्या क्रमाने लावून ‘सी’ लोकेलमध्ये त्या जोडल्या, तर उपरोक्त पाच नावांपैकी चारच जुळतात. पहिल्या यादीतील माळशिरस मावळच्या आधी असल्याने मागे टाकला जातो आणि दुसऱ्या यादीतील माळशिरस पुढे येईतो पहिली यादी संपलेली असते. दोन्ही याद्यांत असलेला तालुका निष्कर्षातून नाहीसा होतो, आणि दोष मात्र कोणत्याही एका आज्ञेचा नसतो.

तेव्हा अशा अभ्यासाच्या नोंदीत प्रमाणकाचे नाव व आवृत्ती, प्रणालीची आवृत्ती, निवडलेले लोकेल, आज्ञेसोबत दिलेले पर्याय आणि ज्ञात अपवाद या पाच बाबी असाव्यात. त्यांच्या जोडीला चाचणीसाठी वापरलेली छोटी यादी व तिचे उत्तरही द्यावे, म्हणजे दुसऱ्या अभ्यासकास तोच प्रयोग पडताळून पाहता येईल. प्रमाणक अनेक शक्यतांना वाव देते. त्यांपैकी कोणती निवडली गेली, हे नोंदीवाचून कळत नाही.