गोड्या समुद्रावर सहा दिवस

सरोवर म्हटले की नैनिताल अथवा श्रीनगरचे दल सरोवर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. या काठावरून त्या काठाकडे पाहावे, शिकाऱ्यातून फेरफटका मारावा आणि दिवेलागणीला घरी परतावे, अशी आपली कल्पना. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराच्या काठी आम्ही उभयता प्रथम गेलो, तेव्हा या कल्पनेला मोठाच धक्का बसला. पैलतीर कोठेच दिसेना. क्षितिजापर्यंत निळे पाणी आणि खडकांवर फुटणाऱ्या लाटा. ओंजळभर पाणी तोंडात घेतले तेव्हाच खात्री पटली की हा समुद्र नव्हे.

या सरोवराचा विस्तार सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या केरळ राज्याच्या दुपटीहून अधिक. त्याची कमाल खोली ४०६ मीटर आहे. एकावर एक पाच कुतुबमिनार उभे केले तरी ते त्यात बुडून जातील! ओजिब्वे हे तेथील मूळ रहिवासी. ते या सरोवराला ‘गिची-गामी’, म्हणजे ‘महाजल’ म्हणतात. सरोवराच्या दक्षिण काठाला, विस्कॉन्सिन राज्यातील बेफील्ड गावासमोर, बावीस बेटांचा एक समूह आहे. ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांवरून त्यांना ‘अपॉसल बेटे’ हे नाव पडले. संख्येचा हिशेब मात्र कोणी जुळवला नाही. त्यांपैकी एकवीस बेटे आज राष्ट्रीय संरक्षित प्रदेशात मोडतात. हा प्रदेश १९७० साली स्थापन झाला. याच बेटांमधून शिडाच्या नौकेने सहा दिवस हिंडण्याचा बेत आम्ही जूनच्या आरंभी आखला.

येथे थोडी घरगुती हकीकत सांगितली पाहिजे. मी मूळची मालवणची. लहानपण दर्याच्या आवाजात गेले. हे नागपूरचे; लग्नापूर्वी समुद्र पाहिला तो एकदाच, तोही मुंबईच्या चौपाटीवर. परंतु नोकरीच्या निमित्ताने आम्ही मिनेसोटात स्थायिक झालो आणि तेथील लहानमोठ्या तळ्यांवर ह्यांना शिडाचे वेड लागले. मी जन्मापासून पाण्याला भिते आणि ह्यांना भीती ठाऊकच नाही. म्हणून निघण्यापूर्वी आम्ही एक करार केला: दोघांपैकी ज्याला अधिक भीती वाटेल, त्याचे दुसऱ्याने ऐकायचे. हे हसले. “म्हणजे दर वेळी तुझंच ऐकायचं, असंच ना?” मी म्हटले, “हो, तसंच.”

जून महिन्यातील हे सरोवर फार फसवे असते. बेफील्डच्या रस्त्यांकडेला ल्युपिनची जांभळी फुले डोलत असतात, सफरचंदाच्या बागा हिरव्यागार झालेल्या असतात, आणि रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड मावळत नाही. काठावर उन्हाळा असतो. पाण्यात मात्र अजून हिवाळाच मुक्कामाला असतो. एवढा प्रचंड जलसाठा तापायला सबंध उन्हाळाही अपुरा पडतो. जूनमध्ये खोल भागातील पाण्याचे तपमान चार-पाच अंशांच्या आसपासच असते. अशा पाण्यात माणूस पडला तर पहिल्या मिनिटात त्याला श्वास आवरत नाही. सुमारे दहा मिनिटांत हातपाय निकामी होतात. आणि तासाभरात शुद्ध हरपू शकते. म्हणून पोहता येवो वा न येवो, जीवरक्षक जाकीट अंगावरून काढायचे नाही, हा येथला पहिला नियम.

पहिल्या दिवशी मंद वाऱ्यावर आम्ही रास्पबेरी बेट गाठले. १८६३ साली उजळलेले येथील दीपगृह आज जतन करून ठेवले आहे. लाल छपराचे ते पांढरे घर दुरून एखाद्या टुमदार बंगल्यासारखे दिसते. वाळूच्या उथळ तळावर नांगर टाकला, पिठले-भात शिजवला. डासांनी आमचे स्वागत केले. परंतु रानातून थ्रश पक्ष्याची शीळ ऐकू येऊ लागली आणि त्या डासांनाही आम्ही क्षमा केली.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडील सँड बेटावर पोहोचलो. नांगराचा भिजलेला दोर आवरताना ह्यांचे हात काही वेळ पाण्यात राहिले, तेवढ्यानेच बोटे अशी बधिर झाली की जाकिटाची पट्टी मला लावून द्यावी लागली. हे काही बोलले नाहीत. परंतु चहाचा पेला बराच वेळ दोन्ही हातांत धरून बसले.

या बेटाच्या उत्तर टोकाला तपकिरी वालुकाश्माचे देखणे दीपगृह आहे. ते १८८१ साली बांधले गेले. एमॅन्युएल लुईक हे तेथे बरीच वर्षे दीपरक्षक होते, आणि त्यांची पत्नी एला हिने साहाय्यक दीपरक्षक म्हणूनही काम केले होते. २ सप्टेंबर १९०५ रोजी भीषण वादळात लोहखनिज घेऊन निघालेली ‘सेव्होना’ नावाची आगबोट बेटाच्या ईशान्येकडील बुडीत खडकावर आपटून दुभंगली. लुईक मनोऱ्यावरून सारे पाहत होते. परंतु मदत मागवण्याचे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नव्हते. कप्तानासह सात जण बुडाले. त्या मनोऱ्यापाशी उभे राहून आम्ही समोर पाहिले. पाणी तळहातासारखे शांत होते.

तिसऱ्या दिवशी आम्हांला त्याच दिशेने जावयाचे होते. डेव्हिल्स हे समूहातील सर्वांत उत्तरेकडील बेट. लाटांनी आणि बर्फाने वालुकाश्म कोरून तेथे गुहांची रांग घडवली आहे. लाट आत शिरली की त्या गुहा घुमतात. त्या गुहांसाठीच तर ह्यांनी सबंध हिवाळाभर नकाशे चाळले होते! सकाळ निरभ्र होती. वारा जवळजवळ नव्हताच, म्हणून यंत्र सुरू करून निघालो. अर्ध्या तासाने उत्तरेला एक करडी रेघ दिसू लागली. उबदार, दमट हवा थंड पाण्यावर आली की तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म जलकण होऊन धुके बनते. जूनमध्ये हा खेळ येथे नेहमीचाच. पाहता पाहता ती रेघ भिंत झाली, आणि भिंत आमच्या अंगावर आली. डोलकाठीचे टोकसुद्धा दिसेना.

“अहो, परत फिरू या,” मी म्हटले.

“अगं, जी.पी.एस. आहे, होकायंत्र आहे. दोन तासांचा तर प्रश्न! वर गेलं की धुकं निवळेलही.”

“आणि नाही निवळलं तर? तिथं नौकेला नीट आसरा नाही. मला भीती वाटते.”

हे गप्प झाले. त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा मला धुक्यातही दिसत होती. क्षणभर वाटले, आपण उगीच भित्रेपणा करीत आहोत. परंतु करार तो करार. ह्यांनी सुकाणू वळवले. दर दोन मिनिटांनी मी एक लांब भोंगा देत होते आणि मध्यंतरी कान देऊन ऐकत होते. एकाएकी उजवीकडून यंत्राची घरघर ऐकू आली. ती वाढत गेली, अगदी जवळ आली. मी जोराने भोंगा दिला. उत्तरादाखल दुसरा भोंगा वाजला. कोणती तरी बोट आमच्या पुढून निघून गेली. ती आम्हांला दिसली नाही. केवळ तिच्या मागची लाट आली आणि आमची नौका खळखळा हलली. अर्ध्या तासाने सँड बेटाच्या आडोशाला नांगर टाकला, तेव्हा ह्यांनी यंत्र बंद केले आणि म्हणाले, “तुझ्या भीतीला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं.”

त्यानंतर दीड दिवस धुके हलले नाही. दोन माणसे, अठ्ठावीस फुटांची नौका आणि पावलापुरते जग. हवामानाच्या वार्ता ऐकाव्यात, पत्ते खेळावेत, वाचावे. संसाराची पंधरा वर्षे एकमेकांना सांगायचे राहून गेलेले बरेच काही त्या दीड दिवसात सांगून झाले.

पाचव्या दिवशी नैर्ऋत्येचा वारा सुटला, आकाश धुऊन निघाले, आणि शीड भरून आम्ही दूर स्टॉक्टन बेटापर्यंत गेलो. तेथील एका किनाऱ्यावरची वाळू पायाखाली चुरचुर गाते. काळ्या अस्वलांचीही तेथे वस्ती आहे. म्हणून जेवणखाण नौकेवरच उरकले.

अखेरचा मुक्काम मॅडलिन बेटाच्या ला पॉइंट बंदरात झाला. समूहातील हे सर्वांत मोठे बेट. ओजिब्वे लोकांचे हे पवित्र स्थान. मायकेल कॅडॉट या फरच्या व्यापाऱ्याने एका ओजिब्वे प्रमुखाच्या मुलीशी विवाह केला. तिचे ख्रिस्ती नाव मॅडलिन. त्या पत्नीचेच नाव बेटाला मिळाले. हे ऐकून हे म्हणाले, “आपल्या नौकेचं नाव काय ठेवायचं, ते आता ठरलं.” मी म्हटले, “आधी नौका तर घ्या!”

डेव्हिल्स बेटाच्या गुहा आम्ही अजून पाहिलेल्या नाहीत. परंतु त्या तेथेच आहेत, आणि आम्हीही सुखरूप आहोत. पुढच्या वेळी आम्ही ऑगस्टमध्ये जाणार आहोत. पाणी तेव्हा थोडे तरी उन्हाळा मानते म्हणे. करार मात्र तोच राहील. दोघांच्या प्रवासात पुढे जाण्याचे धैर्य एकाकडे असले तरी चालते. परत फिरण्याचे धैर्य मात्र दोघांकडेही असावे लागते.